भरलेले सेल मोजणारे सूत्र जास्त आकडा दाखवते तेव्हा

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात हळदीच्या २०० लॉटांची नोंद एक्सेलमध्ये आहे. सी२ ते सी२०१ या सेलमध्ये भाव येतो आणि किती लॉटांचा सौदा झाला हे काउंटए या सूत्राने मोजले जाते. पडद्यावर १४० भाव दिसत असताना सूत्र मात्र २०० दाखवते. शेतकऱ्यांच्या पट्ट्या याच शीटवरून निघणार असतील, तर हा फरक आधी मिटवलाच पाहिजे.

सेल दिसायला रिकामा आहे की नाही, हे काउंटए पाहत नाही. भाव दुसऱ्या शीटवरून इफ सूत्राने आणला असेल आणि सौदा झाला नसल्यास दोन अवतरणचिन्हांमध्ये काहीही न लिहिता रिकामा मजकूर दिला असेल, तर तो सेलही भरलेला धरला जातो. डिलीटऐवजी स्पेसबार दाबून भाव ‘पुसला’ असेल, तरी तेच घडते.

दोष नेमका कोठे आहे, हे शोधण्यासाठी शेजारी काउंटब्लँक लावून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. हे सूत्र रिकामा मजकूर असलेला सेल रिकामा धरते, स्पेस असलेला धरत नाही. त्याचे उत्तर ५७ आले, तर दोन्हींची बेरीज २५७ होते. २०० च्या वरचे ५७ सेल रिकामा मजकूर असलेले आहेत, आणि २०० मधून ५७ व १४० वजा केल्यावर उरणाऱ्या ३ सेलमध्ये स्पेस पडलेली आहे.

भाव निव्वळ आकड्यांत असेल तर फक्त आकडे मोजणारे काउंट हे सूत्र पुरेसे आहे. मात्र शेजारी ‘रुपये’ असे टाइप केलेला भाव मजकूर ठरतो आणि मोजणीतून सुटतो. नावांच्या रकान्यासाठी पुढील सूत्र इंग्रजी अक्षरांत व इंग्रजी अंकांत टाइप करावे:

=समप्रॉडक्ट(--(लेन(ट्रिम(बी२:बी२०१))>०))

रकान्यातील एकाही सेलमध्ये एरर असेल, तर उत्तरही एररच येते, म्हणून ती आधी दुरुस्त करावी. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात १६० क्रमांकाची न तुटणारी स्पेस असू शकते. ती साध्या जादा स्पेस काढणाऱ्या ट्रिमने जात नाही, एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवणाऱ्या सब्स्टिट्यूटने काढावी लागते.

फिल्टर लावून एकाच गावचे लॉट मोजायचे असल्यास सबटोटलमध्ये ३ हा क्रमांक द्यावा, पण तोही काउंटएच्याच नियमाने मोजतो, त्यामुळे रकाना आधी साफ केलेला असावा.