शून्य शुल्काचा करार आपल्या बांधापर्यंत येतो का, ते असं तपासा

वरूड-मोर्शीत संत्र्याच्या बगीच्याचे सौदे अडले की बोलणं हे फळ घेणाऱ्या बांगलादेशावर येतं, आणि वाशीम-यवतमाळात सोयाबीन पडलं की बाहेरून येणाऱ्या तेलावर. दोन्हीकडे एका कराराचा संबंध आहे: दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, म्हणजे साफ्टा. इस्लामाबादेत 6 जानेवारी 2004 ला त्यावर सह्या झाल्या आणि 1 जानेवारी 2006 पासून तो लागू झाला. नावात 'मुक्त' असलं तरी सवलत सरसकट नसते, ती एकेका मालाच्या कोडवर ठरते. म्हणून कास्तकाराने आणि शेतकरी उत्पादक कंपनीने कराराच्या बातमीवर विसंबू नये, स्वतःच्या मालाचा हिशेब मांडावा.

सुरुवात एचएस कोडपासून, म्हणजे सीमाशुल्कासाठी प्रत्येक मालाला दिलेल्या क्रमांकापासून करा. संत्रं 080521 मध्ये येतं, तूर 071360 मध्ये, कापूस 5201 मध्ये. कच्चं सोयातेल 150710 आणि शुद्ध केलेलं 150790. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे प्रत्येक देश आपले ठरवतो. त्यामुळे समोरच्या देशाचा पूर्ण कोड तिकडच्या आयातदाराकडून लेखी मागवा.

मग तो कोड त्या देशाच्या संवेदनशील यादीत आहे का, ते बघा. यादीत असेल तर साफ्टाची सवलत नाही, विषय संपला. नसेल तरी थांबू नका, कारण बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. करारात मूळ सीमाशुल्क कमी होतं. पण बांगलादेशात त्यावर पूरक शुल्क आणि नियामक शुल्क वेगळं लागतं. मे 2022 मध्ये परकीय चलन वाचवण्यासाठी तिथल्या सरकारने आयात फळांवर 20 टक्के नियामक शुल्क बसवलं. साफ्टा तेव्हाही लागू होताच. म्हणून टक्के विचारत बसू नका, 'सगळं धरून किलोला किती?' हे विचारा.

संत्र्याचं उदाहरण घ्या. 2019 मध्ये किलोला 20 रुपयांच्या घरात असलेला हा बोजा 2023 मध्ये 88 रुपयांपर्यंत गेला. वीस किलोच्या एका कॅरेटला आधी 400 रुपये पडायचे, नंतर 1,760. वीस टनांच्या ट्रकमागे, म्हणजे हजार कॅरेटला, 4 लाखांचे 17 लाख 60 हजार झाले. हे पैसे सीमेपलीकडच्या बेनापोल नाक्यावर तिकडचा आयातदार भरतो, पण वसुली दोन्ही बाजूंनी होते. ढाक्यात भाव वाढला की गिऱ्हाईक कमी घेतं, आणि उरलेला माल पेट्रापोलऐवजी (सीमेवरचं आपल्या बाजूचं नाकं) नागपूर-अमरावतीच्या बाजारात उतरतो. आंबिया बहाराचं फळ तोडल्यावर थांबत नाही, त्यामुळे उत्पादकाला मिळेल त्या भावाला द्यावं लागतं. ज्याने एक कॅरेटही बाहेर पाठवलं नाही, त्याचाही भाव यात पडतो. झाडावरचा सौदा करताना व्यापारी हा धोका आधीच भावातून कापून घेतो. तेव्हा सौद्याआधी त्या आठवड्याचा शुल्काचा दर स्वतः काढून ठेवा आणि उलटा हिशेब करा: तिकडचा घाऊक भाव, त्यातून शुल्क, भाडं, पॅकिंग, हमाली आणि दहातलं एखादं खराब कॅरेट वजा. उरेल तो बगीच्यातला खरा भाव.

सोयाबीनला तोच करार उलट्या दिशेने लागतो. सप्टेंबर 2024 मध्ये भारताने कच्च्या सोयातेलावरचं एकूण शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के केलं, शुद्ध तेलावरचं 13.75 वरून 35.75. नेपाळचं तेल मात्र साफ्टाखाली शून्यावर येऊ शकतं. तिथे सोयाबीन फारसं पिकत नाही. बाहेरून कच्चं तेल आणून, शुद्ध करून इकडे धाडलं जातं. दर वाढताच ही आवक फुगली. मे 2025 च्या अखेरीस कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क 16.5 टक्क्यांवर आणलं गेलं.

इथे मूळ देशाचा नियम, म्हणजे माल कोणत्या देशाचा धरायचा ते ठरवणारा नियम, वाचायला हवा. साफ्टाचा सर्वसाधारण नियम असा, की बाहेरचा कच्चा माल वापरला असेल तर पक्क्या मालाचा चार आकडी कोड बदलला पाहिजे आणि अतिअविकसित देशात किमान 30 टक्के मूल्यवाढ झाली पाहिजे. कच्चं आणि शुद्ध, दोन्ही तेलं 1507 मध्येच आहेत, म्हणजे नुसतं शुद्ध केल्याने हा कोड बदलत नाही. म्हणूनच आपला तेल उद्योग मूळ देशाच्या कडक तपासणीचा आग्रह धरतो, आणि ती मागणी आमच्या मते रास्त आहे. पण सोयाबीनच्या पडलेल्या भावाचं सगळं खापर तेलावर फोडू नका. एका क्विंटलमधून तेल साधारण 18 किलो निघतं, उरलेल्याची बहुतेक पेंड होते. पेंडेची निर्यात बसली की तेलावर कितीही शुल्क लावा, मंडीत भाव उठत नाही. दोन्ही भाव बघा.

कापसात आकाराचं भान ठेवा. ऑस्ट्रेलियाशी डिसेंबर 2022 पासून लागू झालेल्या करारात 51,000 टन कापसाला शुल्कमाफी आहे. 170 किलोच्या गाठीने त्या 3 लाख गाठी होतात. देशाचं पीक 300 लाख गाठींच्या आसपास असतं. आयात शुल्क सगळ्यांनाच माफ होतं तेव्हाचा धक्का याहून कितीतरी मोठा. तुरीत वेळ बघा: मोझांबिकची तूर आपल्या काढणीच्या आधीच बंदरावर लागते.

उत्पादक कंपनी स्वतः माल पाठवणार असेल, तर आयात-निर्यात कोड, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि साफ्टाचं मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं. शेवटचं विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरून निघतं. बिलाचा क्रमांक, निव्वळ वजन, कॅरेटची संख्या आणि कोड सगळ्या कागदांवर तंतोतंत एकच हवेत. बिलावर 20,000 किलो आणि प्रमाणपत्रावर 19,800 असेल, तर सवलत अडते, गाडी सीमेवर उभी राहते आणि ताडपत्रीखाली फळ तापू लागतं. त्यामुळे वजनकाट्याची पावती हातात आल्यावरच अर्ज भरा.