या चुका टाळा: एका वर्षात बिघडलेली यंत्रं आणि बिघडलेली तब्येत

रविवारी नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या खोलीवर तीन-चार मुलं तरी आपापली इलेक्ट्रॉनिक्सची यंत्रं घेऊन येतात. कुणाचा बोर्ड सुरू होत नाही, कुणाचा सेल तापतोय. "काका, सगळं व्हिडिओप्रमाणेच जोडलंय," हे ठरलेलं वाक्य. आणि चुकाही ठरलेल्याच. त्या मी स्वतः केलेल्या आहेत, गेल्या वर्षी तर जवळपास सगळ्याच केल्या. फेब्रुवारीत कंबर धरली, पावसाळ्यात दम लागू लागला, आणि जानेवारीत हाती घेतलेलं एक साधं यंत्र डिसेंबरात पुरं झालं. दर रविवारी तेच सांगून थकलो, म्हणून एकदा लिहून काढतो.

बारीक वायर

निफाड तालुक्यात आमच्या दाजींची द्राक्षबाग आहे. तिकडे थंडीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. मण्यांत पाणी उतरलेलं असताना अशी थंडी पडली की मणी तडकतात. म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात. पण उठायचं कधी? दाजी रात्रीतून दोनदा बॅटरी घेऊन थर्मामीटर बघायला जायचे. त्यांना म्हटलं, पारा सहा अंशांवर आला की फोन करणारं यंत्र करून देतो. तापमान मोजणारा डीएस१८बी२० सेन्सर, प्रोग्राम चालवणारा नॅनो बोर्ड, सिम घालून फोन लावणारं सिम८००एल मॉड्यूल आणि १८६५० हा लिथियमचा सेल, एवढाच सरंजाम.

घरी टेबलावर फोन पहिल्याच वेळी लागला. बागेत मात्र मॉड्यूल नेटवर्क शोधायला गेलं की बंद पडायचं, पुन्हा सुरू व्हायचं, पुन्हा बंद. त्या संध्याकाळी मी अँटेना बदलली, सिम बदललं, प्रोग्राममध्ये दोन ठिकाणी हात घातला आणि सेलही नवा घातला. अर्धा तास चाललं. कशामुळे चाललं ते कळायला काही मार्गच ठेवला नव्हता. सकाळी पुन्हा बंद. मग तीन आठवडे कडाक्याच्या थंडीत, हत्यारांची पेटी बाइकला बांधून नाशिक-निफाड फेऱ्या. दाजी काही बोलायचे नाहीत, फक्त विचारायचे, "आज बोलेल का?"

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पेटी उचलताना कमरेत कळ आली ती थेट पायात उतरली. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकली होती. डॉक्टरांनी वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, बाइक तर नाहीच, असं बजावलं. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून पडल्या पडल्या वही घेतली आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते गणित केलं.

चोरी नको म्हणून सेल शेडमध्ये होता आणि मॉड्यूल चार मीटरवर खांबाला. वायर पाव चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन आठ मीटर, म्हणजे साधारण अर्धा ओम रोध. हे मॉड्यूल टॉवरशी बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. त्या क्षणी एक व्होल्टहून जास्त वायरमध्येच जातो. सेलचे चार व्होल्ट मॉड्यूलपाशी २.९ उरतात आणि त्याला किमान ३.४ लागतात. मल्टीमीटरवर हे दिसत नाही. तो झटका अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो आणि मीटर सरासरी दाखवतो, ३.९ वगैरे. तो आकडा बघून मी तीन आठवडे निर्धास्त होतो.

तेव्हापासून माझी सवय अशी. सेल मॉड्यूलच्या शेजारी, वायर बोटभर लांबीची आणि जाड, मॉड्यूलच्या पायांशीच तो क्षणाचा झटका सोसायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. लांब न्यायचीच असेल तर सेन्सरची वायर न्या, त्याला करंट नगण्य लागतो. फक्त सेन्सरची डेटा वायर प्लसशी जोडणारा ४.७ किलोओमचा रेझिस्टर विसरू नका. आणि हे मॉड्यूल नॅनोच्या पाच व्होल्टच्या पिनेवरून कधीही चालवू नका, कुठल्याही व्हिडिओत दाखवलं असलं तरी.

दुसरी सवय वहीची. एका वेळी एकच बदल, तो तारीख घालून लिहायचा, तपासायचा, मग पुढचा. मुलांना हे फार जड जातं. चार गोष्टी एकदम बदलून चाललं की ती खूश होतात. मला ते पटत नाही. असं चाललेलं यंत्र मी दुरुस्त झालं असं समजत नाही.

छोट्या चुका, पण रोजच्या

दोन बोर्ड वेगळ्या सेलवर आणि ग्राउंड, म्हणजे मायनस बाजू, एकमेकांना जोडलेलं नाही. सेन्सर भलतंच दाखवतो तो बहुधा यामुळे.

ईएसपी३२ या वायफायच्या बोर्डाच्या पिनेवर पाच व्होल्ट द्यायचे नाहीत. ३.३ म्हणजे ३.३.

रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलला उलटा डायोड लावा, १एन४००७ चालतो. दोन रुपयांसाठी बोर्ड घालवू नका.

मातीतला दोन दांड्यांचा स्वस्त ओलावा सेन्सर सतत चालू ठेवला की एक दांडी विरघळून जाते. रीडिंग घेण्यापुरताच करंट द्या.

ब्रेडबोर्ड, म्हणजे वायरी नुसत्या खोचायची पट्टी, शेतात नेऊ नका. डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग, शिका.

खिडकी लावून डाग देणे

आता ज्याचा मला खरोखर राग येतो ते. जून ते सप्टेंबर आमच्या खोलीत पाऊस आत येतो म्हणून खिडकी बंद असायची. कंबर बरी होत होती, सहा महिन्यांचं काम तुंबलं होतं, म्हणून मी रोज तीन-तीन तास बोर्डावर नाक टेकवून डाग देत बसलो. ऑगस्टमध्ये खोकला लागला. पावसाळी हवा म्हणून सोडून दिला. पुढे रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, पांडवलेणीच्या पायऱ्यांवर अर्ध्यात बसावं लागलं. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काम काय करता?"

पुष्कळांना वाटतं की त्रास शिशाच्या वाफेचा असतो. आपण ज्या तापमानाला काम करतो तिथे शिसं वाफ होण्याइतकं तापत नाही. ते हाताला लागून पोटात जातं, म्हणून खाण्याआधी साबणाने हात धुवायचे. धूर असतो तो डाग नीट बसावा म्हणून वापरतात त्या फ्लक्समधल्या राळेचा. त्याने दमा जडतो, आणि एकदा शरीराला राळ सोसेनाशी झाली की पुढे थोडाही धूर पुरतो. मला आता इनहेलर आहे.

जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा धूर ओढून घेईल असा बोर्डाच्या पलीकडे ठेवा, मागून जाड पाइप खिडकीबाहेर सोडा. पंखा तोंडावर नको. मान बाजूला, भिंग उभं, टेबल कोपराच्या उंचीचं. जमिनीवर पाटावर बसून हे काम करू नका, कंबर कशाने गेली याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

औषधाच्या गुंगीत काम

मार्चमध्ये स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या चालू होत्या, झोप यायची. तरी "फक्त दोन वायरी" म्हणून बसलो आणि टीपी४०५६ चार्जरला सेल उलटा जोडला. चिप जळाली, बोट भाजलं. नशीब, सेल लगेच ओढून काढता आला. लिथियमचा सेल पेटला असता तर मला पटकन उठताही येत नव्हतं. आता गोळी घेतली त्या दिवशी टेबलाचं मेन बटण बंद. वही, गणित, आराखडे चालतात.

हाच चार्जर कारखान्यातून एक अँपिअरवर येतो. छोट्या ३०० मिलिअँपिअर-तासाच्या सेलला तो तसाच लावू नका, त्यावरचा करंट ठरवणारा रेझिस्टर बदला.

डिसेंबरात यंत्र पुन्हा खांबावर चढलं, या वेळी दाजींच्या मुलाने चढवलं, मी खाली खुर्चीत बसून सांगत होतो. तिसऱ्या पहाटे फोन आला. दाजींनी ठिबक सोडलं आणि मग मला फोन केला. "बोललं," म्हणाले. एवढ्यासाठी वर्ष गेलं याचं मला वाईट वाटत नाही, पण तीन आठवड्यांचं काम होतं ते.

एक राहिलं. यंत्रातल्या सिमचं रिचार्ज संपलं की यंत्र गप्प बसतं आणि कुणाला कळत नाही. रोज संध्याकाळी सात वाजता त्याने एक मिस्ड कॉल द्यायचा, असं मी प्रोग्राममध्ये घातलंय. सात वाजून गेले आणि फोन वाजला नाही, तर थंडी वाढायच्या आत बागेत माणूस जातो.