हार्डवेअरच्या दुकानात बारकोड: आधी नाव, मग कोड, मग पट्टी

आमचं कराडला नळ-पाइपचं दुकान आहे. माल साधारण बावीसशे प्रकारचा, त्यातला अर्ध्याहून जास्त सुटा. बारकोड लावायचं ठरल्यावर आम्ही सगळ्यात आधी प्रिंटर आणला. तिथंच चुकलं. कॉम्प्युटरवर ‘कपलर’ वजा १४० दिसत होता आणि ‘सॉकेट’ १६० शिल्लक. डब्यात प्रत्यक्षात वीस नग. वस्तू एकच, दोन पाइप जोडायचा तुकडा. माल आला की मी कंपनीच्या बिलावरून सॉकेट लिहायचे आणि काउंटरवरचा मुलगा प्लंबरच्या तोंडचं कपलर लिहायचा. एका वस्तूची दोन खाती असली की बारकोड फक्त ती गडबड जलद करतो.

म्हणून पहिले आठ दिवस कॉम्प्युटर बंद ठेवा. वही घेऊन रॅकसमोर उभं राहा आणि प्रत्येक वस्तूचं एकच नाव ठरवा, तेही एकाच क्रमाने: आधी प्रकार, मग वस्तू, मग माप, शेवटी कंपनी. ‘सीपीव्हीसी एल्बो १५ एमएम’ आणि पुढे कंपनीचं नाव. सीपीव्हीसी म्हणजे गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक, एल्बो म्हणजे पाइप वळवायचा कोपरा. गिऱ्हाईक त्या वस्तूला अर्ध्याचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा, एल्बो म्हणेल, म्हणू दे. बऱ्याच बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये मूळ नावासोबत टोपणनाव टाकायची सोय असते, तिथं ते नाव घाला.

नाव पक्कं झालं की कोड. बिलावरचा एचएसएन हा मालाचा कोड नव्हे, हे आधी सांगते, कारण पुष्कळजण तोच वापरायला जातात. एचएसएन करासाठी असतो. प्लास्टिकचे पाइप आणि त्यांची सगळी फिटिंग ३९१७ मध्ये, नळ आणि व्हॉल्व्ह ८४८१ मध्ये येतात. त्यावरून एल्बो कुठला आणि तीन तोंडांची टी कुठली ते कळणार नाही.

आमचा कोड आठ आकडी आहे. पहिले दोन आकडे मालाचा गट, पुढचे दोन वस्तू, पुढचे तीन माप मिलिमीटरमध्ये, शेवटचा कंपनी. २२०२०१५३ म्हणजे सीपीव्हीसी, एल्बो, १५ एमएम, तिसरी कंपनी. अर्धा इंच १५, पाऊण २०, एक इंच २५ हे आमच्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असतं, त्यामुळे नवा मुलगाही दोन दिवसांत कोड वाचायला लागतो. मापाला सुरुवातीला मी दोनच घरं ठेवली होती. मग ड्रेनेजचा ११० एमएमचा पाइप आला आणि चारशे कोड पुन्हा लिहावे लागले. तुमच्या दुकानातलं सगळ्यात मोठं माप बघून घरं ठरवा.

प्रत्येक गटाचा पहिला आकडा आम्ही २ ठेवला, त्याला कारण आहे. कंपनीच्या बारकोडमध्ये २ ने सुरू होणारे आकडे दुकानांच्या स्वतःच्या वापरासाठी राखून ठेवलेले असतात, म्हणून आपला कोड कंपनीच्या कोडवर आदळत नाही. शून्याने तर सुरुवात करूच नका, एक्सेल पुढचं शून्य गिळून टाकतं. आणि मापाच्या रकान्यात १/२ लिहिलंत तर एक्सेल ते अर्धा इंच न समजता तारीख समजतं. मी एका रात्री तीनशे ओळी भरल्या आणि सकाळी मापाच्या रकान्यात सगळीकडे तारखाच होत्या. रकाना भरण्याआधी तो ‘टेक्स्ट’ करून घ्या.

कोडमध्ये भाव घालू नका, तो बदलतो. आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, खरेदीभाव पुड्यावर अक्षरांत लिहायचे. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द, प्रत्येक अक्षर एका आकड्याचं. तो शब्द घरातल्या तिघांनाच ठाऊक होता. गिऱ्हाइकासमोर भाव करताना ती खूण फार उपयोगी होती, पण तिच्यावरून डब्यात नग किती उरले ते कळत नव्हतं. आपल्याला आता ते कळायला हवं आहे.

आता पट्ट्या. नळ, टेफलॉन टेप, रंगाचे डबे यांच्यावर कंपनीचा तेरा आकडी बारकोड असतो, तोच वापरा. त्यावर आपली पट्टी चिकटवायची गरज नाही. पुष्कळदा तो ८९० ने सुरू होतो. त्याचा अर्थ माल भारतात बनला असा नाही, कंपनीने नंबर जीएसवन इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या इथल्या संस्थेकडून घेतला एवढाच. एमआरपी वाढली तरी बारकोड बहुतेक तोच राहतो, म्हणून जुन्या आणि नव्या किमतीचा माल सॉफ्टवेअरमध्ये वेगळा दिसतो ना, ते तपासा. खोक्यावरचा बारकोड आणि आतल्या नगावरचा बारकोड वेगळे असतात, हेही काउंटरवरच्या मुलाला दाखवून द्या.

सुट्या मालाला, म्हणजे एल्बो, टी, स्क्रू यांना, नगावर पट्टी लावत बसू नका. डब्यावर एक लावा आणि तशीच एक काउंटरवरच्या कागदी फाइलमध्ये नाव आणि चित्रासह ठेवा. फाइलची एक पट्टी स्कॅन करायची आणि नग टाइप करायचे. इथं एक धोका आहे. स्कॅनर हा कॉम्प्युटरच्या दृष्टीने कीबोर्डच असतो, कर्सर असेल तिथं आकडे टाकतो. कर्सर ‘नग’च्या चौकटीत असताना स्कॅन केलं की दोन कोटी वीस लाख एल्बोचं बिल होतं आणि साठा तेवढाच वजा जातो. सॉफ्टवेअरमध्ये नगाला कमाल मर्यादा घालता येत असेल तर पहिल्याच दिवशी घाला.

आपल्या कोडसाठी बारकोडचा प्रकार ‘कोड १२८’ निवडा. त्यात आकडे जोडीजोडीने बसतात, त्यामुळे आठ आकड्यांची पट्टी आखूड होते. रेघा काळ्या, कागद पांढरा. बहुतेक साध्या स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेघा दिसतच नाहीत. बारीक पाइपवर पट्टी अशी लावा की पाइप उभा धरल्यावर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या दिसतील. उलट लावली तर वळणावर शेवटच्या रेघा पलीकडे जातात.

कागदाचंही बघा. बिनरिबनच्या थर्मल प्रिंटरच्या, म्हणजे शाईशिवाय उष्णतेने छापणाऱ्या प्रिंटरच्या, पट्ट्यांवरची छपाई उन्हाने आणि उष्णतेने उडते. आमच्या पत्र्याखालच्या माळ्यावरच्या सगळ्या पट्ट्या मे महिन्यात वाचता येईनाशा झाल्या. रॅकच्या पट्ट्या रिबनवाल्या प्रिंटरवरच काढा.

सुरुवातीची मोजणी दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी करा. स्क्रू एकेक मोजू नका. शंभर नग तोला. ते २४० ग्रॅम भरले आणि डब्यात ६ किलो माल असेल तर २५०० नग झाले. वायर मीटरमध्ये मोजा, बंडलात नाही, कारण ९० मीटरच्या बंडलातून कुणी सात मीटर नेतो आणि मग ‘एक बंडल शिल्लक’ या नोंदीला अर्थ राहत नाही.

मागणी कधी द्यायची याचा हिशेब सोपा आहे. रोज १२ एल्बो जातात, माल यायला ४ दिवस लागतात, म्हणजे ४८. त्यावर दोन दिवसांचे २४ हाताशी. ७२ वर आलं की फोन करायचा.

सगळ्यात जास्त गोंधळ परतीच्या मालाचा होतो. प्लंबर सकाळी वीस एल्बो नेतो आणि संध्याकाळी गोणपाट काउंटरवर उलटं करतो: सहा एल्बो, दोन टी, एक कापलेला तुकडा, सिमेंट लागलेला एक नळ. गर्दीत ते सगळं सरळ डब्यांत जायचं आणि साठा रोज थोडा थोडा चुकायचा. आता काउंटरखाली एक लाल टोपली आहे. परत आलेला माल आधी टोपलीत पडतो, परतीची नोंद स्कॅन होते, मगच डब्यात जातो. गिऱ्हाइकाला दोन मिनिटं थांबायला सांगावं लागतं. सांगा, ते थांबतात.

रोज दुकान बंद करताना दहा डबे मोजा, दुसऱ्या दिवशी पुढचे दहा. आकडा जुळला नाही तर कॉम्प्युटरवर लगेच दुरुस्त करू नका. आधी टोपली बघा.