पडवीला जाळी लावताय? आधी वळचण बघा

जाळी लावूनही पडवीत डास येत असतील, तर बहुतेक वेळा दोष जाळीचा नसतो, वळचणीचा असतो. कौलारू घरात खांबांवरची तुळई आणि कौलं यांच्यामध्ये, दोन वाशांच्या मधे चार बोटं जागा मोकळीच असते. खाली सगळं बंद केलं तरी डास तिथून आरामात आत. म्हणून काम वरून सुरू करायचं. प्रत्येक फटीत जाळीचा तुकडा घालून वरून पट्टी ठोकायची. सिमेंटने मात्र लिंपू नका, कौलांखालची गरम हवा तिथूनच बाहेर पडते.

जाळी घेताना इंचाला 18×16 घरांची मागा. डास अडतात, वाराही बरा येतो. चिलटांचा त्रास असेल तर 20×20 घ्या, पण वारा कमी होणार हे धरून चाला. समुद्राजवळ लोखंडी जाळी नकोच, एकदोन पावसाळ्यांत गंजते. फायबरग्लासची स्वस्त पडते. मांजर असेल तर स्टेनलेस स्टीलची, कारण फायबरग्लास नखांनी फाटते. रंग काळा किंवा करडा. पांढरी जाळी उजेडात चकाकते आणि समोरचं अंगण दिसत नाही.

चौकट थेट खांबांना न ठोकता वेगळी करून बसवा, म्हणजे धुवायला काढता येते. जुने खांब ओळंब्यात क्वचितच असतात, त्यामुळे रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा. सगळ्यांत कमी आलेल्या मापातून पाच मिलिमीटर वजा करून चौकट करा. उरलेली फट फोमच्या पट्टीने भरते. चौकट मोठी झाली तर रंधा मारत बसावं लागतं. चौकटीला दोन इंच बाय एक इंचाची लाकडी पट्टी पुरते. चार फुटांपेक्षा रुंद गाळ्याला मधे एक उभी पट्टी द्या.

जाळी चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त कापा. चुका होतात त्या पुढच्या टप्प्यावर. एका कोपऱ्यातून ताणत गेलं की दुसऱ्या टोकाला चुण्या पडतात. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक स्टेपल मारा, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे दर दोन इंचांवर. जाळीचे धागे चौकटीच्या कडेला समांतर आहेत ना, हे अधूनमधून बघा. जाळी सपाट बसली की पुरे. तबल्यासारखी ताणली तर लांब पट्ट्या आत वाकतात. शेवटी स्टेपलवर पातळ पट्टी ठोकून जादा जाळी कटरने कापा. स्टेपल आणि स्क्रू स्टेनलेसचेच घ्या.

दार बाहेर उघडणारं हवं. जाळीवर बसलेले डास दार ढकललं की बाहेरच्या बाजूला उडतात. आत उघडणारं दार त्यांना घेऊनच येतं. स्प्रिंगची बिजागरी लावा आणि खालच्या फटीला ब्रशची पट्टी. दार लोटायला माणसं विसरतात, स्प्रिंग विसरत नाही.

बाहेर पाणी साचू दिलं तर जाळीवरचा ताण वाढतच जातो. करवंट्या, कुंड्यांखालच्या बश्या, पानांनी तुंबलेली पन्हळ, बागेत पडलेल्या पोफळीच्या विऱ्या (पानांचे खोलगट देठ): यांतलं पाणी आठवड्यातून एकदा ओता. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे दार फक्त तिन्हीसांजेला लावून भागत नाही. विहिरीत किंवा हौदात गप्पी मासे सोडा. निळ्या दिव्याच्या यंत्रावर पैसे घालवू नका. त्यात पतंग-पाखरं मरतात, डास फारसे अडकत नाहीत. त्यापेक्षा बसायच्या जागेवर पंखा लावा, वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही.

पडवीत पिवळा दिवा लावा, 2700 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप). पांढऱ्या दिव्यावर कीटक जास्त येतात, तो हवाच असेल तर पंधरा-वीस फूट लांब, अंगणाच्या टोकाला. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी वाळवीची पंखवाली पाखरं निघतात. तेव्हा तासभर सगळेच दिवे बंद ठेवा, नाहीतर सकाळी जाळीखाली पंखांचा खच पडलेला असतो आणि त्यावर पाली टपलेल्या.