मॅचमध्ये लागलं तर खेळायचं की बसायचं?

टेनिस बॉल टुर्नामेंटमध्ये कुणाला लागलं की बाहेरून एक जण हमखास ओरडतो, "अरे कुंबळे जबडा तुटला तरी खेळला होता, ऊठ!" खेळला होता हे खरंय. २००२, अँटिगा, बॅटिंग करताना वेस्ट इंडिजच्या डिलनचा बॉल जबड्यावर बसला, तोंडाला बँडेज गुंडाळून त्याने १४ ओव्हर टाकल्या, लाराला एलबीडब्ल्यू काढलं आणि मग ऑपरेशनसाठी घरी परतला. पण बॉलिंगला जे लागतं ते हात, खांदा, पाय सगळं त्याचं शाबूत होतं ना.

म्हणून आधी हे बघा की लागलेला भाग पुढच्या अर्ध्या तासात वापरायचाय का. नीरज चोप्राने २०२४ ला ब्रसेल्सच्या डायमंड लीग फायनलला हाताचं हाड मोडलेलं असताना भाला ८७.८६ मीटर फेकला, एका सेंटीमीटरने पहिला नंबर हुकला, पण मोडलेला हात डावा आणि भाला उजव्या हाताने. तुमचं बोट कॅच घेताना दुखावलं तर मित्राला ओढून बसवू देऊ नका (असा एक "एक्स्पर्ट" प्रत्येक टीममध्ये असतोच), मध्ये थोडा कापूस ठेवून शेजारच्या बोटाला टेप करा, वाकडं दिसत असेल तर सरळ एक्स-रे.

मांडी मागून खेचली गेली तर बाऊंड्रीबाहेर आधी चाला, मग हळू पळा, मग एक छोटी स्प्रिंट मारा, यात कुठेही लंगडलात तर बसा. २०२१ ला सिडनी टेस्टला आपला हनुमा विहारी हॅमस्ट्रिंग (हाच मांडीमागचा स्नायू) गेलेली असताना १६१ बॉल खेळून २३ वर नाबाद राहिला, कारण टीमला ड्रॉ हवा होता आणि रन काढायची गरजच नव्हती, तुमच्या सहा ओव्हरच्या मॅचमध्ये ड्रॉ कुठला! आणि पुढची ब्रिस्बेनची टेस्ट त्याची गेलीच. कबड्डीत गुडघ्यातून 'कट्' आवाज आला आणि तासा-दोन तासांत सुजला तर चालता येत असलं तरी मॅटवर परत नाही.

डोक्याला लागलं असेल तर विषय संपला, त्या दिवशी खेळ बंद, कुंबळे-बिंबळे काही नाही. स्कोअर किती, मागची ओव्हर कोणी टाकली असं विचारून बघा, उत्तर बरोबर आलं तरी आत पाठवू नका, घरी जाताना बाईक दुसऱ्याला चालवू द्या, उलटी झाली किंवा डोकेदुखी वाढत गेली तर लगेच हॉस्पिटल. इंटरनॅशनल क्रिकेटमध्ये २०१९ पासून यासाठी बदली खेळाडू मिळतो, गल्लीत तर कोणालाही उतरवता येतं.

बर्फ रुमालात गुंडाळून १५-२० मिनिटं, पहिले दोन दिवस मालिश आणि शेक नको. पेनकिलर घेऊन मैदानात उतरणं तर अजिबातच नको, दुखणं दाबलं की किती लागलंय तेच कळत नाही.

आणि कॅप्टन तोंड वाकडं करत असेल तर त्याला याच नीरजचं २०२२ सांगा. युजीनला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सिल्व्हर घेतलं, तिथे जांघेत दुखावलं म्हणून बर्मिंगहॅमची कॉमनवेल्थ सरळ सोडली, आणि ऑगस्टच्या शेवटी लोझानला ८९.०८ टाकून पहिला आला.