डार्क फोक अल्बम करायचाय? आधी मातीचं घर बांधा

पायोनियर लोकांवर (अमेरिकेत पश्चिमेकडे जाऊन नव्याने वसलेले शेतकरी) कॉन्सेप्ट अल्बम, म्हणजे सगळी गाणी मिळून एकच गोष्ट, म्हटलं की पहिल्या गाण्यात वॅगन, दुसऱ्यात बंदूक, तिसऱ्यात कोणीतरी मेलं, असं होतं आणि सगळं पोस्टरसारखं वाटतं. म्हणून अख्खी अमेरिका नको, एक घर धरा. मी म्हणेन नेब्रास्का, 1873, नवरा-बायको आणि दोन पोरं. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर मिळायची, फी किरकोळ, पण पाच वर्षं तिथेच राहून जमीन कसायची. झालं की स्ट्रक्चर, वर्षाला दोन गाणी आणि शेवटी जमिनीच्या मालकीचा कागद हातात पडतो का नाही एवढाच प्रश्न.

आता गाणी लिहिताना आधी वस्तू, दुःख नंतर. तिकडे झाडं जवळपास नाहीत, म्हणून घर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या तुकड्यांचं. पाऊस थांबला तरी छत आत गळत राहायचं, वरून माती, किडे, कधी सापसुद्धा पडायचा म्हणून खाली कापड ताणून बांधायचे. सरपण म्हणजे बायसनचं वाळलेलं शेण (आपल्या गोवऱ्याच की). बायको त्या कापडातला फुगवटा बघत पडलीये, एवढी ओळ पुरे, "मी एकटी" म्हणायची गरजच नाही.

मधलं गाणं 1874 च्या टोळांचं. पीक तर खाल्लंच, दोरीवरचे कपडे आणि अवजारांच्या लाकडी मुठीपण कुरतडल्या. इथे शब्द जवळजवळ नकोतच, फिडलवर (व्हायोलिनच) बो घोडीजवळ, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीजवळ, दाबून खरखर काढा, तीन मिनिटं. 12 जानेवारी 1888 च्या बर्फाच्या वादळाचा मोह होईल, मलाही झाला, पण आपली गोष्ट 1878 ला संपते, सोडा ते.

बँजो असेल तर सॉमिल ट्युनिंग (तारा जुळवायची एक जुनी पद्धत) लावा, जी डी जी सी डी. आपल्या भाषेत मोकळ्या तारा म्हणजे सा, म, प, गंधारच नाही! त्यामुळे मेजर का मायनर तेच कळत नाही आणि ती अस्वस्थता फुकटात मिळते. चाल काफी थाटात बांधलीत तर डोरियन मोड (पाश्चात्य संगीतातली तीच स्वरांची मांडणी) आपोआप होतो. त्या काळातला पायाने हवा मारायचा रीड ऑर्गन (संगीत नाटकात ऐकला असेल तोच प्रकार) कुठून आणणार, घरातली पेटी घ्या, दोन सूर धरून ठेवा, भात्याचा आवाज कापू नका.

आणि प्लीज, रिव्हर्ब (आवाज घुमवायचा इफेक्ट) बंद. सगळे लोक दु:खी गाणं म्हटलं की चर्चएवढा हॉल लावतात, पण दोन-तीन फूट जाड मातीच्या भिंतीत आवाज घुमतच नाही, मरतो. गोधड्या टांगून एका माइकवर रेकॉर्ड करा. बाहेरची गाणी मात्र खरंच बाहेर, वाऱ्यात.

एक गोष्ट टाळू नका, ती जमीन रिकामी नव्हती. याच वर्षांत तिथले मूळ रहिवासी पॉनी लोक नेब्रास्का सोडून दक्षिणेला इंडियन टेरिटरीत (आजचं ओक्लाहोमा) चालले होते. त्यांच्या तोंडी गाणं घालू नका, ते आपलं काम नाही, पण नांगराला एखादं खापर लागू दे आणि नवऱ्याने ते खिशात टाकून कोणाला सांगू नये.

शेवटच्या गाण्यात कागद मिळतो. तिथे तेच खापर टेबलावर ठेवल्याचा आवाज घ्या आणि पेटीचा भाता रिकामा होईपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवा.