चाकाआधी पाय: पुण्याजवळच्या ट्रेलवर फोर-बाय-फोरचा पहिला दिवस

शनिवारी रात्री आमच्या फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या गाड्यांच्या क्लबच्या ग्रुपवर निरोप येतो: सकाळी सहाला चांदणी चौकाच्या पुढच्या पंपावर भेटायचं, टाकी फुल्ल करून. ज्यांची पहिलीच वेळ असते त्यांचे लगेच फोन सुरू होतात. टायर बदलायला हवेत का? विंच (अडकलेली गाडी तारेने ओढणारं यंत्र) लागेल का? गाडी आपटली तर? ही काळजी मला कळते. हप्ते चालू असलेली गाडी दगडांवर चढवायची म्हणजे छातीत धडधडतंच. पण पहिल्या दिवसासाठी शोरूममधून आलेली थार, जिम्नी किंवा गुरखा जशी आहे तशी पुरते. एक सवय मात्र लावून घ्यायची: अवघड जागा दिसली की गाडी थांबवायची, उतरायचं, आणि चाक जिथून जाणार तिथून आधी आपण चालून यायचं. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका सवयीच्या आधाराने उभं आहे.

ट्रेल निवडताना

पुण्याच्या पश्चिमेला मुळशी-मावळात लाल माती, ओढे आणि धो धो पाऊस. पूर्व-दक्षिणेला सासवड-पुरंदरच्या बाजूला मुरमाची टेकाडं. कातळ झिजून झालेला मुरूम ओला झाला तरी चाकाला धरून ठेवतो, कारण पाणी त्यातून निथळून जातं. काळ्या मातीचं उलट आहे. ती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत गच्च बसते आणि चाकाच्या चार फेऱ्यांत महागडा टायरही गुळगुळीत होऊन जातो. म्हणून पहिली फेरी दिवाळी ते मार्चच्या दरम्यान, मुरमावर करा. पावसाळी ट्रेल दोन-तीन वेळा हात बसल्यावर.

जमीन कोणाची, हे निघण्याआधी माहीत हवं. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय गाडी घालायची नाही, आणि ताम्हिणीसारख्या अभयारण्यात तर विषयच नको. सासवड, जेजुरी, बारामतीकडची माळरानं रिकामी दिसतात, ती रिकामी नसतात. लांडगा आणि चिंकारा तिथे राहतात, टिटवी, चंडोल, धाविक हे पक्षी तिथे उघड्या जमिनीवर अंडी घालतात. गवतावरून गाड्या गेल्या की चाकोरी पडते, पुढच्या पावसात पाणी त्याच चाकोरीतून धावतं आणि तिचा ओघळ होतो. असे ओघळ मी पाहिलेत आणि दर वेळी पोटात कालवलंय. भाताच्या खाचरांचे बांधही तसेच: एका चाकाखाली फुटतो, बांधायला शेतकऱ्याचा दिवस जातो. आयोजकाने जमीनमालकाची परवानगी घेतली आहे का आणि गावात सांगितलंय का, हे सरळ विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर घरी थांबा.

आदल्या दिवशी

ऑइल, कूलंट, एअर फिल्टर बघा. स्टेपनीत हवा आहे ना, जॅक चालतो ना, आणि जॅकखाली ठेवायला एक जाड फळी घेतली ना, तेही बघा. मऊ जमिनीत नुसता जॅक वर जायच्या ऐवजी खाली जातो. गाडीतलं सुटं सामान बांधून टाका. पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेली तर उतारावर काय होईल, याचा विचार करा. विम्याच्या कागदात ऑफ-रोडच्या नुकसानीबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाचा. माणशी चार-पाच लिटर पाणी, प्रथमोपचाराची पेटी, डबा.

आणि फोर-व्हील लावून बघा, पण डांबरावर नाही, मातीच्या मैदानात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत फोर-व्हील लावली की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. मातीत चाक जरा घसरतं आणि तो ताण सुटतो. डांबरावर तो सुटत नाही, गिअरबॉक्समागच्या ट्रान्सफर केसवर साठत जातो. महिनोन् महिने न हलवलेला लिव्हर अडकूनही बसतो. ते ट्रेलवर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळलेलं बरं.

ट्रेलच्या तोंडाशी

डांबर संपलं की सगळ्या गाड्या थांबतात आणि फुस्स आवाज सुरू होतो. टायरमधली हवा कमी करायची असते. रस्त्यावर ३२ पीएसआयच्या आसपास असेल तर मुरूम-दगडांसाठी २० ते २२ वर आणा. टायर खाली बसतो, त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, आणि दगडावर आपटायच्या ऐवजी तो दगडाला बिलगतो. १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. माझ्या मते हजारो रुपयांच्या टायरपेक्षा ही पाच मिनिटं जास्त फरक पाडतात.

मग गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये घेऊन, लिव्हर फोर-लोवर, म्हणजे फोर-व्हीलच्या लो रेंजमध्ये. थारमध्ये लो रेंजचं प्रमाण २.४८ आहे, म्हणजे त्याच गिअरमध्ये वेग तेवढ्या पटीने कमी आणि चाकाला मिळणारा जोर तेवढ्या पटीने जास्त. इंजिन जेमतेम गुरगुरत असताना गाडी माणसाच्या चालीने चढते. ट्रेलवर हाच वेग. सीटबेल्ट लावलेलाच हवा, आणि स्टिअरिंग धरताना अंगठे चाकाच्या आत घालू नका. दगडावर चाक फिरलं की स्टिअरिंग झटका देतं, जुन्या जीपमध्ये तर बोट मुरगळेल एवढा.

पुढे लीड गाडी, शेवटी टेल गाडी, मध्ये बाकीचे. नियम एकच: प्रत्येकाने आपल्या मागच्याला सांभाळायचं. वळणावर आरशात मागची गाडी दिसली नाही तर थांबायचं. वॉकीटॉकीवर गप्पा नकोत.

चढ, उतार आणि समोरचा माणूस

अवघड जागेवर एक जण पुढे उभा राहून खुणा करतो. एकच जण. दहा जण कडेने ओरडत असतील, तरी तुमची नजर त्या एकावर. डावी-उजवीचा घोळ ठरलेला असतो, कारण तो तुमच्याकडे तोंड करून उभा असतो. त्याची डावी ती तुमची उजवी. म्हणून आमच्याकडे ट्रकवाल्यांचे शब्द वापरतात: ड्रायव्हर साइड आणि क्लिनर साइड. बंद मूठ म्हणजे थांबा. तो दिसेनासा झाला तरी थांबा. आणि खुणा करणाऱ्याने कधीही गाडीच्या खालच्या बाजूला किंवा गाडी आणि दगड यांच्यामध्ये उभं राहायचं नाही.

मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घेऊ नका. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी, जिम्नीचा २१० मिमी. वीतभरही जागा नसते ती. दगडावर चाकच चढवा, म्हणजे गाडीचं पोट वर उचललं जातं.

चढावर सुरुवातीलाच गिअर ठरवा आणि मध्ये बदलू नका. अर्ध्यात दम तुटला तर गाडी वळवायचा मोह होईल, वळवू नका. आडवी झालेली गाडी उलटते. ब्रेक दाबून धरा, रिव्हर्स टाका, आणि आल्या वाटेने सरळ मागे उतरा. न्यूट्रलमध्ये तर अजिबात नाही.

उतारावर लो रेंजचा पहिला गिअर, आणि क्लचवरचा पाय बाजूला. हे मी चूक करून शिकलो. पुरंदरच्या बाजूच्या एका टेकाडावर, दुसऱ्याच फेरीत, नाक खाली गेलं आणि समोर नुसतं आकाश संपून दरी दिसली. घाबरून मी ब्रेकबरोबर क्लचही दाबला. इंजिनने धरलेली गाडी सुटली, चाकं लॉक होऊन मुरमावरून घरंगळावी तशी घसरली आणि खालच्या मातीच्या बांधाला जाऊन टेकली. बंपर तुटला, माणसं वाचली. मागून आलेल्या दादाने एवढंच विचारलं, "क्लचवर पाय होता ना?" तेव्हापासून उतार लागला की डावा पाय मी उचलून मागे ठेवतो. ज्यांच्या गाडीत हिल डिसेंट (उतारावर वेग आपोआप आवरणारी यंत्रणा) आहे त्यांनी ते लावावं. मागचा भाग बाजूला सरकू लागला तर ब्रेक सोडून जरासा अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि नाक उताराच्या दिशेने करा. मन उलट सांगतं, तरी हेच करा.

पाणी

थार ६५० मिमी पाण्यातून जाऊ शकते, गुरखा ७००, असं कंपन्या सांगतात. तो आकडा संथ पाण्याचा. वाहतं पाणी गाडीला बाजूला ढकलतं, आणि तळ कसा आहे हे कुठल्याच आकड्यात नसतं. नवख्याने गुडघ्याच्या वर पाणी असेल तर गाडी घालूच नये. धारेला ओढ इतकी असेल की चालत जायची भीती वाटते, तर गाडीही जाणार नाही.

मुळशीत एका ओढ्यापाशी आम्ही असेच थांबलो होतो. समोर जुनी चाकोरी सरळ पाण्यात उतरत होती, पाणी नितळ वाटत होतं. पलीकडे म्हशी राखणारे एक बाबा हात हलवत आले. "हितनं नका घालू. मागल्या पावसात धार बदलली, खाली डोह पडलाय. म्हशी कुठनं उतरत्यात ते बघा, तिथनं घाला." त्यांनी हातातली काठी चाकोरीच्या रेषेत पाण्यात उभी केली. काठी मुठीपर्यंत आत गेली. पंधरा-वीस पावलं वर म्हशी पोटऱ्याभर पाण्यातून निवांत चालल्या होत्या, तिथे तळाला सपाट कातळ होता. सहाच्या सहा गाड्या तिथून पार झाल्या. बाबांना विचारायला आम्ही थांबलो नव्हतो, ते आपणहून आले, हे मला अजून टोचतं. आता मी आधी माणूस शोधतो.

पाण्यात शिरण्याआधी पाच-दहा मिनिटं गाडी उभी करा. तापलेला डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधली गिअरची पेटी) एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. मग लो रेंजचा पहिला-दुसरा गिअर, संथ आणि एकसारखा वेग. पुढे एक छोटी लाट तयार होते, तिच्या मागे राहायचं. मध्ये गिअर बदलायचा नाही. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. ओढूनच बाहेर काढा. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा.

रुतली तर

चाक जागेवर फिरू लागलं की त्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर सोडा. फिरणारं चाक स्वतःचा खड्डा खणतं, आणि गाडीचं पोट जमिनीला टेकलं की काम दहापट वाढतं. आधी आल्या चाकोरीने मागे येऊन बघा. मग फावडं: चाकापुढची माती उतरती करा, खाली दगड किंवा जाड पायपुसणी टाका. एक चाक हवेत असेल तर जोर त्या मोकळ्या चाकाकडेच पळतो. ब्रेक लावून ते चाक धरणारी यंत्रणा गाडीत असेल तर तिला वेळ द्या, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा धरून ठेवा.

ओढायची वेळ आली की जिवाची गोष्ट सुरू होते. लोखंडी साखळी नको, झटका बसून तुटली तर गोळीसारखी येते. ताणली जाणारी कायनेटिक दोरी वापरा आणि ती फक्त चासीला पक्क्या बसवलेल्या हुकाला लावा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीच नाही; तो तुटून काचेतून आत येतो आणि माणसं दगावतात. टूलकिटमधला पिळून बसवायचा हुक रस्त्यावर हळू ओढण्यासाठी असतो, झटक्यासाठी नाही. विंचच्या तारेवर ओलं गोणपाट किंवा घोंगडी टाका. दोरीच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत कोणी उभं राहायचं नाही, व्हिडिओ काढणारं पोरही नाही.

परतताना

डांबराला लागण्याआधी फोर-व्हील काढा आणि कॉम्प्रेसरने हवा भरा. कमी हवेने हायवेवर टायर तापून फुटतो. टायरच्या खाचांतली माती काढून टाका, रस्त्यावर पडलेल्या चिखलावरून दुचाकीवाले घसरतात. आपला कचरा आपल्या गाडीत, आणि वाटेत दुसऱ्याचा सापडला तर तोही.

घरी आल्यावर गाडी खालून धुवून घ्या, रेडिएटरच्या जाळीत चिखल सुकला तर गाडी तापते. चाकांच्या आतल्या बाजूला ब्रेकचे पाइप बघा. पाणी पार केलं असेल तर त्याच आठवड्यात मेकॅनिककडून डिफरन्शियलचा नट उघडून तेल बघून घ्या: दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढल्यावर, ती जिथे उभी होती तिथली फरशी वाकून बघा, तेलाचा डाग पडलाय का.